रुग्णवाहिकेत डिझेल कोण घालणार?

(ग्रामीण व वनवासी भागांत आरोग्याचे सेवाकार्य करणारे कार्यकर्ते आणि त्यांच्या हितचिंतक कुटुंबांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला विषय दिला तो ‘ग्रामीण आरोग्यासाठी साधने आणि निधी’ असा. मी वैद्य नाही, पत्रकार आहे. रोगांविषयी बोलण्याचा अधिकार मला नाही. मात्र पैसा कोठून निघतो, वाटेत कोठे अडतो आणि कोठे पोहोचतच नाही, याचा माग काढणे हा आमच्या व्यवसायाचाच भाग आहे. आज त्याच वाटेने आपल्याला घेऊन जाणार आहे. वाटेत दोन-चार गोष्टी आपल्या घरच्याच मंडळींना बोचतील. पण घरातल्या गोष्टी घरातल्यांनी आपसांत बोलायच्या नाहीत, तर त्या बोलायच्या कोणी?

आपल्या देशात ग्रामीण आरोग्याचा आराखडा नव्हता, असे कोणी म्हणत असेल तर ते खरे नाही. स्वातंत्र्याच्या आधीच, १९४६ मध्ये, भोर समितीने तो मांडून ठेवला होता. ज्याच्या खिशात पैसा नाही त्यालाही उपचार मिळाले पाहिजेत आणि ते त्याच्या घराजवळ मिळाले पाहिजेत, हे त्या अहवालाचे सूत्र. त्यातूनच प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना आली. आज निकष असा आहे की, सपाटीवर ५,००० आणि डोंगराळ वा वनवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असावे; प्राथमिक आरोग्य केंद्र अनुक्रमे ३०,००० आणि २०,००० लोकसंख्येमागे असावे. निकष लोकसंख्येचा आहे, अंतराचा नाही, ही त्यातली मेख. धारणी-चिखलदऱ्यात किंवा धडगाव-अक्कलकुव्यात तीन हजार माणसे कितीतरी पाड्यांमध्ये विखुरलेली असतात. मध्ये नाला असतो, घाट असतो, पावसाळ्यात तुटणारा रस्ता असतो. कागदावर निकष पूर्ण होतो आणि बाळंतीण मात्र झोळीतूनच येते. धारणीहून अमरावतीचे जिल्हा रुग्णालय दीडशे किलोमीटरच्या आसपास दूर आहे. तेवढा प्रवास पोटात कळा घेऊन करायचा म्हणजे काय, याची कल्पना येथे बसलेल्या माताभगिनींना मी काय सांगावी?

आता पैशाकडे वळू. १२ एप्रिल २००५ रोजी राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले. सरकार कोणत्या पक्षाचे होते हा भाग वेगळा. त्या अभियानातली एक गोष्ट मला मनापासून आवडली होती. प्रत्येक उपकेंद्राला वर्षाला १०,००० रुपयांचा मुक्त निधी देण्यात आला. त्याचे खाते सरपंच आणि परिचारिका या दोघांच्या नावे होते. प्रत्येक महसुली गावाच्या समितीलाही १०,००० रुपये मिळत. रक्कम किरकोळ होती, पण तिचा वापर गावाने ठरवायचा होता. बाळंतपणाच्या खोलीत दिवा नसेल तर बल्ब आणायला वरच्या कार्यालयाची मंजुरी लागणार नव्हती. गरोदर बाईला रात्री न्यायला जीप लागली तर तिचे भाडे त्यातून देता येणार होते. गावाच्या हाती गावाचे आरोग्य, या विचाराचे पहिले पाऊल तेथे पडले होते.

पुढे काय झाले? बऱ्याच गावांत समिती कागदावरच स्थापन झाली. सरपंचांनाच ठाऊक नाही की आपण तिचे पदसिद्ध अध्यक्ष आहोत. पैसा वर्षाच्या शेवटच्या तिमाहीत यायचा आणि ३१ मार्चपूर्वी संपवायचा. मग फेब्रुवारी-मार्चमध्ये खुर्च्या येतात, फलक रंगतात, पडदे लागतात. खुर्ची आणि पडदा यांचे बिल लगेच मिळते. अडल्या बाईच्या जीपचे भाडे रात्री दोन वाजता द्यायचे असते आणि जीपवाल्याकडे छापील पावती नसते. म्हणून लेखापरीक्षणाच्या धाकाने परिचारिका तो खर्च टाळते. दोष तिचा नव्हे. ज्या व्यवस्थेत खर्च न करणाऱ्याला कोणी विचारत नाही आणि खर्च करणाऱ्याची चौकशी लागते, तेथे शहाणी माणसे खर्च करीत नाहीत.

हा माझा कयास नाही. महालेखापरीक्षकांनी २०१७ मध्ये या अभियानाच्या माता-बाल आरोग्यविषयक कामावर अहवाल दिला. २०११-१२ मध्ये २७ राज्यांकडे ७,३७५ कोटी रुपये अखर्चित पडून होते. २०१५-१६ पर्यंत ही रक्कम ९,५०९ कोटींवर गेली. निधी अपुरा आहे, ही तक्रार खरीच आहे. पण जो आहे तोही शेवटच्या पाड्यापर्यंत पोहोचवणारा हात नाही, हे त्याहून कटू सत्य आहे. पं. दीनदयाळजींनी अंत्योदयाचा विचार मांडला. आपण तो बौद्धिकात ऐकतो, घोषणेत म्हणतो. रांगेतल्या शेवटच्या माणसापर्यंत जायचे तर ट्रेझरीपासून पाड्यापर्यंतच्या या वाटेची आपल्याला माहिती हवी.

शासनाचा खर्च वाढलेला नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०१३-१४ मध्ये शासनाचा आरोग्यावरील खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या १.१५ टक्के होता. २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्क्यांवर आला. त्याच काळात एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा ६४.२ टक्क्यांवरून ३९.४ टक्क्यांवर उतरला. हे यश लहान नाही. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने मात्र २०२५ पर्यंत २.५ टक्क्यांचे उद्दिष्ट ठेवले होते, हेही विसरता येत नाही. २०१८ मध्ये आयुष्मान भारत योजना आली, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण मिळाले. आपल्या राज्यात महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाची योजना आहेच. हृदयाची शस्त्रक्रिया झालेला शेतमजूर मी पाहिला आहे. पूर्वी त्यासाठी जमीन विकावी लागली असती.

तरीही एक गोष्ट लक्षात घ्या. ही सारी कार्डे रुग्ण खाटेवर पडल्यानंतरची आहेत. रक्तदाबाची गोळी, मधुमेहाची तपासणी, लेकराचा ताप, गरोदर मुलीचे हिमोग्लोबिन, सिकलसेलच्या रुग्णाची रोजची हायड्रॉक्सियुरिया, यासाठी कार्ड चालत नाही. ती कामे उपकेंद्रात आणि अंगणवाडीच्या ओट्यावर व्हायची असतात. तेथील खर्च थोडा, पण तो दर महिन्याला लागतो. आणि दर महिन्याला लागणाऱ्या पैशाला आपल्याकडे, सरकारातही आणि समाजातही, वाली नसतो.

माझ्या आजच्या बोलण्याचा गाभा हाच आहे, म्हणून थोडा तपशिलात जातो.

गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी नवजात बालकांच्या मृत्यूंवर काम केले. त्यांच्या सर्वच मतांशी आपण सहमत असू असे नाही, पण काम पाहावे तर असे पाहावे. त्यांनी ३९ गावांमधील थोड्या शिकलेल्या स्त्रियांना शिकवले. बाळाचे वजन कसे करायचे, त्याला उबेत कसे ठेवायचे, श्वास कसे मोजायचे, जंतुसंसर्ग कसा ओळखायचा आणि वेळप्रसंगी जेंटामायसिनचे इंजेक्शन कसे द्यायचे, हे सारे त्या शिकल्या. त्यांना नाव मिळाले ‘आरोग्यदूत’. तिसऱ्या वर्षी तेथील नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटला. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने हे संशोधन छापले. खर्च किती आला? एका बाळामागे सुमारे सव्वापाच डॉलर! जगातील वैद्यकशास्त्र इन्क्युबेटरांची किंमत मोजत होते, तेव्हा गडचिरोलीतल्या खेड्यातील बाई हाताच्या उबेने आणि घड्याळाच्या काट्याने लेकरे वाचवीत होती. २०११ मध्ये केंद्र शासनाने ही पद्धत देशभर स्वीकारली. आशा कार्यकर्तीने बाळाच्या घरी ठरलेल्या दिवशी सहा-सात भेटी द्यायच्या आणि त्याबद्दल तिला २५० रुपये मिळायचे, असे ठरले. एका भेटीला चाळीस रुपयांच्या आसपास पडले. पाड्यावर जायला-यायला वडापचे भाडेच कधीकधी त्याहून अधिक होते. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा गौरव केला, आपण सर्वांनी अभिमानाने ती बातमी छापली आणि वाचली. त्यांच्या मानधनाच्या थकबाकीच्या बातम्या आतल्या पानावर जातात, हेही आमच्या व्यवसायातले वास्तव आहे.

दुसरे उदाहरण महाडजवळच्या बिरवाडीचे. डॉ. हिंमतराव बावस्कर तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रात शासकीय नोकरीत होते. कोकणात लाल विंचू चावून माणसे, विशेषतः मुले, दगावत असत. बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी रात्री जागून त्या विषाची चाल समजून घेतली आणि प्राझोसिन हे रक्तदाबाचे साधे औषध त्यावर वापरून पाहिले. चाळीस टक्क्यांच्या आसपास असलेला मृत्युदर एक टक्क्याच्या जवळ आला. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मी हे उदाहरण मुद्दाम देतो, कारण यात मोठे यंत्र नाही, इमारतही नाही. स्वस्त गोळी आहे आणि केंद्रात मुक्कामाला राहिलेला डॉक्टर आहे. गोळीपेक्षा मुक्काम महाग असतो. डॉक्टरला तेथे राहण्याजोगे घर, मुलांची शाळा, बायकोच्या शिक्षणाचा उपयोग, या साऱ्याची किंमत कोणत्याही अंदाजपत्रकात धरली जात नाही.

आता आपल्याकडे पाहू. आपल्या विचारांच्या मंडळींनी या क्षेत्रात काय उभे केले, याचा अभिमान मी बाळगतो. १९६६ मध्ये डॉ. अशोक कुकडे आणि त्यांचे सहकारी पुणे-मुंबईतल्या व्यवसायाची वाट सोडून लातूरला गेले, विवेकानंद रुग्णालय उभे राहिले आणि १९९३ च्या किल्लारी भूकंपात त्याची योग्यता मराठवाड्याने पाहिली. छत्रपती संभाजीनगरात १९८९ मध्ये डॉ. हेडगेवार रुग्णालय सुरू झाले आणि त्याचे काम वस्त्यांपर्यंत गेले. १९७२ च्या दुष्काळातून जनकल्याण समितीचा जन्म झाला. तिच्या रुग्णोपयोगी साहित्य केंद्रातून खाट, वॉकर, चाकाची खुर्ची नेली नाही असे मध्यमवर्गीय घर आज शहरात शोधावे लागेल. वनवासी कल्याण आश्रमाचे आरोग्यरक्षक औषधांची पेटी घेऊन पाड्यांवर उभे आहेत. त्यांच्यातले बहुतेक स्वतः त्याच पाड्याचे. शहरातला डॉक्टर महिन्यातून एकदा येतो. ताप मात्र उरलेल्या एकोणतीस दिवसांतही येतो आणि तेव्हा दार ठोठावले जाते ते त्यांचेच.

असे असूनही आपली देणगी कोठे जाते? देणगीदाराला वास्तू आवडते, कोनशिला आवडते. त्याखालोखाल आवडते रुग्णवाहिका. आजी-आजोबांच्या स्मरणार्थ त्यांचे नाव रंगवलेली पांढरी गाडी, तिला हार, नारळ, लोकार्पण, साप्ताहिकात छायाचित्र. मी स्वतः अशा लोकार्पणांच्या कितीतरी बातम्या केल्या आहेत. पुढे दोन-तीन वर्षांनी त्याच रस्त्याने गेलो की गाडी संस्थेच्या आवारात उभी दिसते. टायर बसलेले, काचेवर धूळ. विचारले की उत्तर ठरलेले: चालक सोडून गेला, डिझेलला पैसा नाही, विमा भरायचा राहिला.

आपण साधा हिशोब करू. हे आकडे मी केवळ हिशोबापुरते धरतो आहे. चालकाचे वेतन महिना १५,००० रुपये, डिझेल १०,०००, देखभाल आणि विम्याचे मिळून ५,०००. महिन्याला ३०,००० म्हणजे वर्षाला ३ लाख ६० हजार झाले. दहा वर्षे गाडी चालायची तर ३६ लाख. गाडीच्या किमतीपेक्षा हा खर्च किती मोठा आहे, हे आपल्यातल्या वाहनमालकांना सांगायला नको. देणगीदाराने गाडी दिली आणि ३६ लाखांचा भार एखाद्या तालुक्याच्या कार्यकर्त्याच्या खांद्यावर ठेवला! आता दुसऱ्या बाजूने मांडू. आरोग्यरक्षकाच्या पेटीतली औषधे, त्याचा प्रवास आणि वर्षातून दोनदा उजळणी वर्ग, असे सारे मिळून महिन्याला २,००० रुपये धरले तर वर्षाला २४,००० झाले. त्या ३ लाख ६० हजारांत पंधरा पाडे वर्षभर सांभाळले जातात. रुग्णवाहिका नकोच, असे माझे म्हणणे नाही. २०१४ पासून १०८ क्रमांकाची शासकीय सेवा राज्यात आहे, ती जेथे पोहोचत नाही तेथे गाडी हवीच. पण गाडी देणाऱ्याने निदान तीन वर्षांचे डिझेल त्याच धनादेशात द्यावे, अशी अट संस्थांनी घालायला हवी. देणगी नाकारण्याचे धैर्य संस्थेत असावे लागते. ते फार थोड्या ठिकाणी दिसते.

आरोग्य शिबिरांचेही तसेच आहे. एका रविवारी पन्नास डॉक्टर, दोन हजार रुग्ण, उत्तम व्यवस्था, कार्यकर्त्यांची धावपळ. याने शहरातला डॉक्टर ग्रामीण जीवन पाहतो, हा लाभ मोलाचा आहे. पण त्या दिवशी ज्या बाईला रक्तदाब असल्याचे कळले, तिची गोळी पंधरा दिवसांनी संपते. सोळाव्या दिवशी ती कोणाकडे जाणार? ज्याला मोतीबिंदू निघाला, त्याला तालुक्याला कोण नेणार? शिबिराच्या अहवालात ‘तपासलेले रुग्ण’ हा रकाना असतो. ‘सहा महिन्यांनंतरही औषध चालू असलेले रुग्ण’ हा रकाना मी क्वचितच पाहिला.

आणखी एक बोलतो, रागावू नका. मिशनऱ्यांच्या दवाखान्यांविषयी आपण नेहमी बोलतो. सेवेच्या आडून होणाऱ्या धर्मांतराला आपला विरोध आहे आणि तो राहीलही. पण त्यांच्या दवाखान्यातली नर्स वर्षानुवर्षे तेथेच राहते आणि तिचा पगार दर महिन्याला येतो, हे आपण पाहिले आहे की नाही? पाड्यावरचा माणूस तत्त्वज्ञानाची तुलना करून दवाखाना निवडत नाही. रात्री ज्याचे दार उघडे असते तेथे तो जातो. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती दांपत्य १९७० पासून काम करीत होते. त्यांनी निरक्षर, दलित समाजातल्या स्त्रियांना गावाच्या आरोग्याची जबाबदारी दिली आणि अस्पृश्यतेच्या भिंतीला तेथे तडे गेले. सवर्ण घरातली सून बाळंतपणात त्या बाईचा हात धरू लागली. समरसतेच्या व्याख्यानातून जे साधायला वेळ लागतो, ते औषधाच्या पेटीने साधले. चांगले कोठूनही घ्यावे, ही आपलीच परंपरा आहे.

पैशाचे नवे स्रोत आज आहेत. कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमानुसार १ एप्रिल २०१४ पासून ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात आणि आरोग्य त्या यादीत आहे. अडचण एवढीच की, कंपनी आपल्या कारखान्याच्या परिसराला प्राधान्य देते. जेथे कारखाना आहे तेथे रस्ता आहे, दवाखानाही आहे. धडगावला कोणाचा कारखाना? शिवाय कंपनीला वर्षाच्या आत ‘परिणाम’ दाखवायचा असतो, म्हणून पुन्हा यंत्र आणि इमारत. आपल्या स्वयंसेवकांपैकी कितीतरी जण या कंपन्यांमध्ये वरिष्ठ पदांवर आहेत. समितीच्या बैठकीत तीन वर्षांच्या सलग निधीचा आग्रह त्यांना धरता येईल.

मध्यमवर्गीय दात्यांना जाता-जाता सांगतो. प्राप्तिकराची नवी पद्धत निवडली की ८०-जी ची सवलत मिळत नाही. त्यामुळे ‘पावती करसवलतीची आहे ना?’ हा प्रश्न पुष्कळांच्या बाबतीत आता उरलेलाच नाही. मार्चच्या शेवटी एकदम पाच हजार देण्यापेक्षा दर महिन्याला चारशे द्या. संस्थेला औषधांची मागणी नोंदवताना दर महिन्याची रक्कम हाती असणे किती मोलाचे असते, ते कोणत्याही कोषाध्यक्षाला विचारा.

कार्यकर्त्यांना सांगायचे ते मात्र वेगळे आहे. आपण कितीही निधी जमवला तरी तो शासनाच्या पैशापुढे ओंजळभरच राहणार. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२२ ते २०२५-२६ या पाच वर्षांसाठी स्थानिक संस्थांना केवळ आरोग्यासाठी ७०,०५१ कोटींचे अनुदान सुचवले होते; त्यातले ४३,९२८ कोटी ग्रामीण भागासाठी. महाराष्ट्राने २०१५ मध्ये पेसा क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना वनवासी उपयोजनेतला पाच टक्के निधी थेट देण्याचा निर्णय घेतला आणि आरोग्य, स्वच्छता, शिक्षण हा त्याच्या वापराचा एक विषय ठरला. त्याच वर्षीपासून ‘आमचं गाव आमचा विकास’ आराखडा गावाने करायचा आहे. आपण ज्या गावात आरोग्यरक्षक नेमला, त्या गावाच्या आराखड्यात उपकेंद्राच्या पाण्याच्या टाकीची, प्रसूतीच्या खोलीची, आशाच्या प्रवासखर्चाची नोंद आहे का? ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीचे सदस्य कोण, हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल?

सेवाकार्य शासनाच्या कर्तव्याला पर्याय म्हणून उभे केले, तर आपण थकू आणि शासन निर्धास्त होईल. आपल्या आरोग्यरक्षकाने उपकेंद्राच्या परिचारिकेशी वैर करू नये, तिचा वाली व्हावे. ती एकटी असते. तिच्या क्वार्टरचे दार नीट लागत नसते. पावतीविना दिलेल्या जीपभाड्याची जबाबदारी गावाने ठराव करून घेतली, तर ती रात्री दोन वाजता निर्धास्तपणे गाडी बोलावील. असा ठराव करायला पैसा लागत नाही. ग्रामसभेत बसणारी दहा समंजस माणसे लागतात आणि ती माणसे आपल्याकडे आहेत.

२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या ग्रामसभेच्या तारखा आपल्याला ठाऊक आहेतच. यापुढची जी पहिली येईल तिला आपापल्या गावात जा. समितीचे पासबुक मागा, शिल्लक मोठ्याने वाचायला सांगा आणि गेल्या वर्षी तो पैसा कशावर गेला ते विचारा. जे आढळेल ते साप्ताहिकाकडे लिहून पाठवा. पासबुकातला आकडा आणि गावाचे नाव असेल तर मी ते पहिल्या पानावर लावण्याचा आग्रह संपादकांकडे धरीन.